काळी तीनमधला श्वास

मंगळवारी दुपारी सव्वातीनला पाचव्या सिंथेसायझरने श्वास घेतला. माझ्या हातात अर्धं केळं होतं आणि ते तसंच राहिलं होतं, कारण लक्ष देऊन ऐकताना मला चावता येत नाही. कानांवर हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर चाळीसएक गोल बटणांची चित्रं आणि कानात एक लांब, धुरकट सूर, तासाभरापासून मी जोपासलेला. मग तो सूर तुटला. त्यात नवल नव्हतं. फुकट वापरायला दिलेली चाचणी आवृत्ती होती ती. कुणी ती तशीच कायमची वापरू नये म्हणून दर पंचेचाळीस सेकंदांनी दोन सेकंद गप्प बसायची. पहिल्या चौघांचेही असलेच काहीतरी चाळे होते. एक मधूनच खरखरायचा, दुसरा ‘विकत घ्या’ अशी पाटी तोंडासमोर धरायचा. पण या पाचव्याच्या दोन सेकंदांच्या शांततेत कुणीतरी श्वास आत घेतला. नाकाने, सावकाश, शेवटी जरा घाईने, माणूस बोलायच्या आधी घेतो तसा. मग सूर पुन्हा सुरू झाला. श्वास सोडल्याचं काही ऐकू आलं नाही. मी केळं खाली ठेवलं आणि मागे वळून बघितलं. मागे कपाट होतं. कपाट, माझ्या माहितीप्रमाणे, श्वास घेत नाही.

हे सिंथेसायझर म्हणजे काय, तर जगात नसलेल्या वाद्यांचे आवाज काढणारे कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम. मी त्यांच्यावर पोट भरतो. लिफ्टमध्ये वाजतं ते, दंतवैद्याकडे वाट बघताना वाजतं ते, दुकानात मोजे निवडताना वाजतं ते, कुणाच्याही लक्षात न येणारं संगीत मी करतो, आणि या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. निदान कुणाच्या लक्षात आलेला नाही. नवं काम एका हॉस्पिटलचं होतं. फोन केल्यावर ‘थांबा’ सांगतात, त्या थांबण्यात वाजवायचं तीन मिनिटांचं संगीत. तिथल्या टेलिफोन विभागाच्या साहेबांनी फोनवरच अपेक्षा सांगितल्या होत्या. ‘हे बघा, थांबलेला माणूस झोपला नाही पाहिजे. पण चिडलाही नाही पाहिजे. आत्ताचं जे आहे ना, ते ऐकून लोक फोन ठेवतात. आणि मग पेशंटलाच थेट घेऊन येतात हो! मला काहीतरी जिवंत द्या.’ मी विचारलं, जिवंत म्हणजे कसं? ते म्हणाले, ‘ते तुम्ही बघा. मी टेलिफोनचा माणूस आहे.’ माझं जुनं सिंथेसायझर कॉम्प्युटर बदलल्यावर चालेनासं झालं होतं, म्हणून नवं निवडायचं होतं. पाच प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि त्यांना माझी माझी नावं दिली. म्हातारा हा पूर्वीच्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करायचा, इतकी हुबेहूब, की अर्ध्या तासाने तापल्याचं नाटक करून बेसूरही व्हायचा. काचवालीचा प्रत्येक आवाज पेल्यावर चमचा मारल्यासारखा. नवरदेवाकडे चार हजार तयार आवाज होते, आणि तो उघडला की कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा, की आता आम्ही सगळे उडणार. पोपट खऱ्या वाद्यांच्या नकला करायचा. त्याच्या व्हायोलिनला बारमाही सर्दी. आणि पाचवी गिरणी. तिला कुठलाही आवाज द्यायचा, ती त्याचे कणीएवढे तुकडे करून हवेत पसरवून द्यायची. दरवाज्याच्या कुरकुरीतून धुकं काढायची ती. शिवाय मीही रोज तिच्यावर तेच दळण दळत होतो, कारण चाचणी आवृत्तीत केलेलं काम साठवता येत नाही. खिडकी बंद केली की गेलं. दहा दिवसांची मुदत, आणि दहाही दिवस सकाळी उठून कालचं आठवून पुन्हा शून्यापासून करायचं. ते मला फारसं जड गेलं नाही. बाबा गेल्यापासून माझे दिवस तसेच चालले होते.

दुसऱ्यांदा श्वास आला तेव्हा मी घड्याळ लावून बसलो होतो. तिसऱ्यांदा डोळे मिटून. चौथ्यांदा मला त्या श्वासातली शिटी ऐकू आली. अगदी बारीक, केसाएवढी, डाव्या नाकपुडीत कुठेतरी हाड वाकडं असलेल्या माणसाची. मी पडद्यावरच्या पेटीचे सूर एकेक लावून बघितले आणि ती कुठल्या पट्टीत बसते ते तपासलं. खरं तर तपासायची गरज नव्हती. काळी तीन. माझी रचना पांढरी चारमध्ये होती. पांढरी चार आणि काळी तीन पेटीवर अंगाला अंग लावून बसतात, म्हणजे एकत्र वाजल्या की भांडणारच. आमच्या घरातही मी आणि बाबा असेच शेजारी बसायचो, आणि भांडण होत नसे याचं एकमेव कारण म्हणजे बाबा ते सुरूच करत नसत.

बाबा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. दिवसभर लोकांच्या जिन्याखालचे आकडे स्वतःशी पुटपुटून घरी यायचे तेव्हा त्यांच्याकडे शब्द उरलेले नसत. तरी त्यांना काहीतरी सांगायचं असे. ते मान वर करत, नाकाने लांब श्वास घेत, बारीक शिटी वाजे, आम्ही सगळे हातातलं टाकून त्यांच्याकडे बघत असू, आणि मग ते म्हणत, ‘जाऊ दे.’ आई होती तेव्हा ती म्हणायची, ‘अहो, जाऊ दे तर जाऊ दे, पण आधी येऊ तरी दे!’ आम्ही भावंडं आपसात त्यांना जाऊदे म्हणायचो. जाऊदे आले. जाऊदेंना विचार. ताईच्या लग्नात कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला आणि मुलीबद्दल दोन शब्द बोला म्हणाले. तीनशे माणसं गप्प झाली. बाबांनी श्वास घेतला, आणि ती शिटी पहिल्यांदाच सगळ्या सभागृहाला ऐकू आली, चार कोपऱ्यांतल्या चार कर्ण्यांतून. मागे बसलेला पेटीवाला शेजाऱ्याला म्हणाला, ‘काळी तीन. स्वच्छ आहे.’ मग बाबा म्हणाले, ‘जाऊ दे,’ आणि दोन शब्द झाल्यामुळे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेले तेव्हा मी त्यांच्या खाटेपासून दोन हातांवर बसलो होतो. याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडून दुसरी खाट. दुपारच होती. ताई खाली औषधं आणायला गेली होती आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप होता, कारण एका मोज्यांच्या दुकानाला संध्याकाळपर्यंत सव्वा मिनिट हवं होतं. कानांवर हेच हेडफोन. चांगले आहेत ते, बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत, तेवढ्यासाठीच घेतले होते. मी एक सूर हळूहळू उघडत होतो, म्हणजे आधी तो पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो आणि मग सावकाश पांघरूण काढायचं. मधे एकदा मी मान वर केली. बाबांनी मान उचलली होती, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची छाती वर आली होती. भरलेली. मी बोटाने खूण केली: एक मिनिट. सूर पूर्ण उघडेपर्यंत आठ सेकंद लागणार होते. नंतर कुणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केलं. नर्स होती. तिचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढले तेव्हा खोलीतलं सगळं बोलून झालं होतं. ताई वर आली आणि तिने एकच विचारलं, ‘काही म्हणाले का रे?’ मी म्हणालो, ‘नाही.’ हे मला माहीत नव्हतं. आजही नाही. दुकानाला ते सव्वा मिनिट फार आवडलं.

तर आता अडचण अशी होती. गिरणी दर पंचेचाळीस सेकंदांनी बाबांचा श्वास घेत होती आणि पुढचं बोलत नव्हती. बुधवार, गुरुवार मी दुसरं काही केलं नाही. आदल्या दिवशीचं संगीत आठवून मांडायचं, सुरू करायचं आणि शांततेची वाट बघायची. संगीत आता निमित्तापुरतं उरलं होतं, जसा डॉक्टरकडे वाट बघताना हातात पेपर असतो. गुरुवारी मी सगळी रचना एक घर वर सरकवून काळी तीनमध्ये नेली, म्हणजे शिटीला परकं वाटायला नको. आणि साठवता येत नसल्यामुळे आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली: कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज तारेने एका खिशातल्या रेकॉर्डरमध्ये नेऊन तीन मिनिटं धरून ठेवली. चार श्वासांसकट. मग नमुना म्हणून घाईत तेच साहेबांना पाठवून दिलं. त्याच संध्याकाळी कंपनीच्या मदत विभागाला पत्र लिहिलं, की तुमच्या चाचणी आवृत्तीच्या शांततेत कुणाचा तरी श्वास आहे, तो कुणाचा आणि त्याचं पुढे काय होतं, ते कळवावं. सकाळी उत्तर हजर. ‘आमच्या चाचणी आवृत्तीतली शांतता ही पूर्ण शांतता आहे. तिच्यात कोणताही आवाज घातलेला नाही. आपल्या समाधानासाठी आम्ही ती पुन्हा तपासली. पूर्ण आवृत्तीत आपल्याला सर्व काही विनाअडथळा ऐकता येईल.’ शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. सर्व काही. विनाअडथळा. माझं डोकं इतकंही फिरलेलं नव्हतं, पण हिशोब सरळ दिसत होता: चाचणी आवृत्तीत नुसता श्वास देतात, वाक्य हवं असेल तर पूर्ण आवृत्ती घ्यावी लागते. धंदा म्हणून यात चूक काही नाही. मीही असंच केलं असतं.

शनिवारी ताई आली. ती शाळेत भूगोल शिकवते आणि तिचा आवाज असा आहे, की ती ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणाली तरी ऐकणाऱ्याला आपली कुणीतरी विचारपूस करतंय असं वाटतं. म्हणूनच हॉस्पिटलच्या कामासाठी ‘कृपया थांबा, आम्ही लवकरच तुमच्याशी बोलू’ हे वाक्य मी तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं. भावोजी म्हणाले होते, घरी हेच ऐकतो, आता फोनवरही. ती आली ती थेट टेबलाकडे गेली.

‘माइकवर हा मोजा कुणाचा?’

‘फुंकर आत जाऊ नये म्हणून असतो. धुतलेला आहे.’

‘मी बोलले तेव्हा होता?’

‘होता. तेव्हा धुतलेला नव्हता.’

‘शी! सांगायचंस ना रे गाढवा.’

मी तिला काही न सांगता खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले, आणि गिरणी चालू करून तिच्या शेजारी उभा राहिलो. मला तिचा चेहरा बघायचा होता. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. तिच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. तिने एक हेडफोन बाजूला सरकवला.

‘बाबांसारखा आहे ना?’ मी म्हणालो.

‘कोण?’

‘श्वास.’

ताई माझ्याकडे बघत राहिली. वर्गात कुणीतरी नदी चुकीच्या समुद्राला नेऊन सोडली की ती असं बघत असणार. ‘अरे, हा तू आहेस,’ ती म्हणाली. ‘तू ऐकताना श्वास धरून ठेवतोस. लहानपणापासून. बाबाही ठेवायचे. आवाज थांबला की घेतोस. आत्ता माझ्या कानाशी उभा राहून घेतलास की!’ आणि तिने बोट दाखवलं. माइक टेबलावर तसाच उभा होता, आठ दिवसांपूर्वी तिच्यासाठी लावलेला, मोजा घालून. पडद्याच्या अगदी खाली, जिथे मी गेल्या आठवड्यात सरकून बघितलंच नव्हतं, माइकच्या पट्टीवर तो चालू असल्याचा लाल ठिपका जळत होता. माइक उघडा राहणं ही आमच्या धंद्यात गॅसचं बटण चालू राहण्यासारखी चूक आहे, फक्त हिला वास येत नाही. बाकीचंही लगेच जुळलं. आवाज सारखा राखणारा एक प्रोग्रॅम मी सगळ्याच्या शेवटी लावून ठेवतो. तो मोठ्याला दाबतो, बारक्याला वर उचलतो. संगीत तुटलं की त्याला वाटतं, अरे, फारच बारीक झालं, आणि मग तो खोलीत असेल नसेल ते ओढून कानात आणतो. पहिल्या चार सिंथेसायझरांच्या वेळी माइक लावलेलाच नव्हता. मी माइकची तार काढली. पंचेचाळीस सेकंद थांबलो. दोन सेकंदांत काहीच नव्हतं, कंपनीने म्हटल्याप्रमाणे पूर्ण, तपासलेली शांतता.

‘काय झालं?’ ताई म्हणाली. ‘बरं झालं ना, सापडली चूक?’

‘हो.’

‘तुला काय वाटलं होतं?’

मी तिच्याकडे बघितलं. एवढं तोंडाशी आलं होतं, की ताई, मला माहीत नाही ते काही म्हणाले का, माझ्या कानांवर हेडफोन होते. ‘काही नाही,’ मी म्हणालो, ‘चहा टाकतो.’

ती गेल्यावर मी तार परत लावली, मोजा काढला, माइकसमोर तोंड नेऊन श्वास घेतला आणि रेकॉर्ड केला. दहा वेळा. सावकाश, घाईने, मान वर करून, मान खाली घालून, एक नाकपुडी बोटाने दाबून. माझं नाक सरळ आहे. एकातही शिटी नव्हती. मग खिशातल्या रेकॉर्डरवरची गुरुवारची तीन मिनिटं लावली. चारही श्वासांत होती, केसाएवढी, काळी तीन, स्वच्छ. म्हणजे श्वास माझा होता, ते मिटलं. शिटी कुणाची, हे ताईने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

सोमवारी मी गिरणीची पूर्ण आवृत्ती घेतली. म्हातारा, काचवाली, नवरदेव आणि पोपट काढून टाकले; जाताना प्रत्येकाने ‘आम्ही कुठे कमी पडलो?’ असा एक कागद भरायला दिला. ज्याने आपल्याला निवडलं नाही त्याला असं स्पष्ट विचारता येतं, हे मला नवीन होतं. मग माइक उघडा ठेवला, मोजा घातला, दारं-खिडक्या लावल्या आणि संगीत सुरू केलं. पंचेचाळीस सेकंद झाले आणि सूर तसाच पुढे गेला. नव्वद झाले. तुटतच नव्हता. कुठे बोट घालायला फट नाही, असा तो सूर तीन मिनिटं, तीस मिनिटं, दुपारभर सलग चालला, आणि मी श्वास धरून बसलो आहे हे मला पहिल्यांदाच जाणवलं, कारण सोडायला जागाच मिळेना. सर्व काही विनाअडथळा ऐकू येत होतं, आणि त्यात काही नव्हतं. मी ते साठवलं. आता साठवता येत होतं.

साहेबांनी पूर्ण आवृत्तीतलं संगीत ऐकलं आणि दहा मिनिटांत फोन केला. ‘हे काय पाठवलंत?’

‘पक्कं केलेलं.’

‘अहो, मेलेलं वाटतंय हे. आधीचं होतं ना, गुरुवारचं? ते जिवंत होतं. ते लावलंसुद्धा मी शुक्रवारी.’

‘तो नमुना होता. त्यात मधे तुटतं.’

‘तुटू दे की! तुम्हाला सांगतो, लोक फोनच ठेवत नाहीयेत. आमच्या मुली म्हणतात, लाइन उचलली की माणूस आधीच ‘हॅलो, बोला, बोला ना’ करत असतो. त्याला वाटतं, पलीकडून कुणीतरी बोलणारच आहे. वीस-वीस मिनिटं थांबतात हो, नुसते.’ साहेबांनी आवाज खाली आणला. ‘काय घातलंय त्यात?’

‘शांतता,’ मी म्हणालो.

त्यानंतरचे दिवस मी हॉस्पिटलला फोन करायचा नाही यात घालवले. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माझा अख्खा आठवडा त्यात गेला. शहरात या क्षणी कितीतरी लोक कानाला फोन लावून उभे असणार, बसस्टॉपवर, स्वयंपाकघरात, ऑफिसच्या जिन्यात, आणि ताई त्यांना सांगत असणार की आम्ही लवकरच तुमच्याशी बोलू, आणि पंचेचाळीस सेकंदांनी बाबा मान वर करून श्वास घेत असणार, आणि ते लोक हातातलं टाकून ऐकत असणार. आम्ही घरात चौघं होतो. एवढी माणसं बाबांना कधीच मिळाली नव्हती, लग्नाचे तीनशे सोडले तर. आणि समजा, त्यातल्या एखाद्याला पुढचं ऐकू आलं. समजा, एखाद्या परक्या बाईने ते ऐकलं, तिला वाटलं राँग नंबर, आणि तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी सव्वातीनला मी नंबर फिरवला. हेडफोन न लावता, फोन सरळ कानाला. ताई म्हणाली, कृपया थांबा. मग माझा धुरकट सूर आला, फोनमधून तो जरा पातळ वाटत होता. पहिला श्वास. दुसरा. तिसऱ्याला शेजारच्या इमारतीत कुणीतरी खिळा ठोकायला लागलं, मी दुसरा कान हाताने बंद केला. चौथा. रेकॉर्डरवर चारच होते, मी मोजलेले. चौथ्यानंतर संपून पुन्हा ताई यायला हवी होती. ताई आली नाही. सूर मावळला, फोनमध्ये नुसती पोकळी उरली, बंद खोलीत असते तशी, आणि तिच्यात खूप जवळ, कानाला लागून, कुणीतरी छाती भरून घ्यायला सुरुवात केली. मी बोट वर केलं नाही. एक मिनिट म्हटलं नाही. मी नुसता ऐकत राहिलो, आणि शिटी वाजली, लांब, काळी तीन, आणि ती फोनमधून येत नव्हती. ती माझ्या डाव्या नाकपुडीतून येत होती. त्याच वेळी पलीकडे खट्ट झालं आणि कुणीतरी फोन उचलला.

‘नमस्कार, बोला,’ ऑपरेटर मुलगी म्हणाली.

माझी छाती भरलेली होती. सांगायचं खूप होतं. तिसरा मजला, खिडकीकडून दुसरी खाट, त्या दुपारची नर्स अजून तिथे आहे का, तिने काही ऐकलं होतं का. हे सगळं ओळीने ओठांपर्यंत आलं आणि तिथे उभं राहिलं.

‘जाऊ दे,’ मी म्हणालो.

ती हसली. चिडून नव्हे, दिवसभर फोन घेऊन दमलेलं माणूस हसतं तसं. ‘आजही जाऊ दे?’ ती म्हणाली. ‘अहो, हे संगीत लावलं त्या शुक्रवारपासून रोज याच वेळेला फोन करता, शिटीसारखा श्वास घेता, जाऊ दे म्हणता आणि ठेवून देता. आम्ही पैज लावतो इथे. आज ठेवू नका. बोला ना बाबा काय ते एकदाचं, मी ऐकतेय.’

मी आज पहिल्यांदाच फोन केला होता. तिला तसं सांगण्यासाठी मी श्वास घेतला.